खुंटीवरचे हातमोजे

आज नववा दिवस. माझी मुलगी माझ्याशी घरात येऊन राहिलेल्या परक्या माणसाशी वागावं तशी वागते आहे. "औषध घेतलंस?" "घेतलं." "पाणी भरून ठेवू?" "ठेव." एवढ्यावर आटोपलं. माझं उत्तर तिच्या कानात शिरायच्या आत ती दुसऱ्या खोलीत गेलेली असते. भांडली असती तर मला कळलं असतं. आम्ही दोघी भांडायला लागलो की खालच्या मजल्यावरचा म्हातारा रेडिओ बंद करून ऐकत बसतो, इतकं आमचं भांडण चांगलं असतं. पण हे भांडण नव्हे. जेवताना ती माझ्याकडे बघते ती कपाळाकडे बघते, साहेब लोक टेबलापलीकडच्या माणसाकडे बघतात तशी. डोळ्याला डोळा देत नाही. ते बघणं मला पाठ आहे, अठ्ठावीस वर्षं मी साहेबांची टेबलं पुसली. माझ्या पोटच्या पोरीने ते माझ्यावर चालवावं, तेही माझ्या हातची भाजी खाताना, हे मला मुळीच खपलेलं नाही. आणि भाजीलाही नाव ठेवत नाही. एरवी मीठ कमी, तेल जास्त, काही ना काही असतंच तिचं. काल मी मुद्दाम मीठ घातलंच नाही. मुकाट्याने खाल्ली, ताट धुतलं आणि गेली.

जावई दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो आणि घरी आला की स्वतःचं मिटून घेतो. त्याला विचारलं, "तुमच्या बायकोला झालंय काय?" तर म्हणाला, "आई, मला मध्ये घेऊ नका. मी दोघींकडून मार खाईन." शहाणा माणूस. पण मला त्याला विचारायची गरजच नव्हती. काय झालंय ते मला तिसऱ्या दिवशीच उमगलं होतं. ती रात्रीचं जेवण झाल्यावर बाजारहाटाची यादी बघत होती, मी लिहिलेली. दूध, साबण, काड्यापेटी. ती कागद वाचत नव्हती, नुसता बघत होती. मग घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि सकाळी दूध आणायचं विसरली.

ती वीज कंपनीत नीती विभागाची प्रमुख आहे. म्हणजे नक्की काय, असं मला शेजारणी विचारतात. मी सांगते, खांबावर चढायला माणसं ठेवलीत, बिलं वाटायला ठेवलीत, तशी बाकीच्यांना खरं बोलायला लावायला हिला ठेवली आहे. चार हजार माणसांनी वर्षातून एकदा तिच्या वर्गात बसायचं, दोन तास. कंत्राटदाराकडून पेन घेतलं तरी सांगायचं. आपला नातेवाईक कुठल्या कामात गुंतला असेल तर ते काम सोडायचं. लोक तिला पाठीमागे नीतीबाई म्हणतात, हे तिला माहीत आहे आणि तिला ते आवडतं, हे मला माहीत आहे. घरातही तेच. बागेत माझी एक मैत्रीण झाली होती, तिने मला स्वेटर विणून दिला. तिचा मुलगा कंपनीला तारा पुरवतो असं कळल्यावर हिने तो स्वेटर पत्र लावून परत पाठवला. थंडी तशीच काढली आणि मैत्रीणही गेली. मी तेव्हा बोलले, पण मनात अभिमानच होता. आपली पोर एवढी कडक, ही काय साधी गोष्ट?

त्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या खाली, एक पिवळी पेटी आहे. कोणाला काही सांगायचं असेल त्याने चिठ्ठी लिहून टाकायची, नाव लिहायचं नाही. किल्ली एकट्या हिच्याकडे. चिठ्ठी कोणाची हे शोधायचं नाही, हा तिचा पहिला नियम. चुकून ओळखू आली आणि माणूस आपल्यातला निघाला, तर त्याच दिवशी कागद दुसऱ्याच्या स्वाधीन करायचा, हा दुसरा. ज्याच्या स्वाधीन करायचा तो म्हणजे चौथ्या मजल्यावरचा एक साहेब. मी त्याच्या खोलीत झाडू मारला आहे. त्याच्या टेबलाच्या खणात गेलेला कागद परत उजेडात आलेला मी पाहिलेला नाही.

नऊ दिवसांपूर्वी कंपनीत तिच्या विभागाचा कार्यक्रम होता. आम्हा निवृत्त लोकांनाही बोलावलं होतं. मी तिचा वर्ग कधी ऐकला नव्हता; कामावर होते तेव्हाही, नातेवाईक म्हणून तिने मला त्यात बसू दिलं नव्हतं. ज्या सभागृहातल्या खुर्च्या मी इतकी वर्षं मांडल्या आणि आवरल्या, त्यातल्या एकीवर पाठ टेकून बसायची ती पहिलीच वेळ. पंख्याची घरघर तीच, पडद्याला तोच ओल्या पुठ्ठ्याचा वास. पोर व्यासपीठावर आली, माइक न घेताच बोलायला लागली. आवाज तिच्या बापाचा, खांबावरून खाली ऐकू जाईल असा. म्हणाली, "माझे वडील याच कंपनीत लाइनमन होते. खांबावर शॉक लागून गेले, त्या दिवशी ते रबरी हातमोजे घरी विसरले होते. मी आठ वर्षांची होते. ते हातमोजे भिंतीवर खुंटीला टांगलेले मी पुढे रोज पाहिले आहेत. नियम म्हणजे काय असतो, ते मी त्या खुंटीकडून शिकले." माझ्या पुढच्या बाईने डोळे पुसले. मग टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, शेजारच्या खुर्चीवरची बाई बघत होती म्हणून. ती म्हणाली, "दर वेळी हे ऐकलं की अंगावर काटा येतो. अकरा वर्षं झाली, मी दर वर्षी ऐकते." अकरा वर्षं. माणूस खांबावर मेला तो एकदाच. विसरभोळा मात्र तो अकरा वर्षं दर आठवड्याला होत होता, आणि मला पत्ता नाही.

माझा नवरा काय वाट्टेल ते होता. तापट होता, चहात साखर कमी पडली तर कप तसाच ठेवून जायचा. पण विसरभोळा नव्हता. दार ओढून घेताना खिसे चाचपायचा, पक्कड, टेस्टर, किल्ली, रुमाल. रुमाल राहिला तरी कोपऱ्यावरून परत यायचा. हातमोजे विसरायला आधी असावे लागतात. ते त्याला त्या वर्षी मिळालेच नव्हते, आदल्या वर्षीचे फाटून गेले होते. सायकलची जुनी ट्यूब कापून त्याने पक्कडीच्या दांड्यांवर चढवली होती, त्यावर भागवत होता. रजिस्टरात मात्र त्याची सही होती. ती पद्धतच आहे, आजही आहे. वर्षाच्या सुरुवातीला स्टोअरमधून रजिस्टर फिरतं, हातमोजे, बूट, कमरेचा पट्टा, पुढे सह्या करायच्या. माल येईल तेव्हा येतो. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. सही म्हणजे वस्तू मिळाली असं नव्हे, सही म्हणजे आपण अजून कामावर आहोत. अठ्ठावीस वर्षं ते रजिस्टर या टेबलावरून त्या टेबलावर मी नेलं आहे. वजनाला जड नव्हतं.

लाइन बंद आहे असं त्याला सांगितलं होतं, मग कोणीतरी ती चालू केली. कोणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. चौथ्या दिवशी एक साहेब घरी आले, भले गृहस्थ, पायातले बूट दाराबाहेर काढून आत आले. त्यांनी कागद वाचून दाखवला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, नाव तेवढं काढता यायचं, नवऱ्यानेच शिकवलेलं. कागदात होतं, हातमोजे देण्यात आले होते, ते घरी विसरून कामावर गेले. मी म्हटलं, "साहेब, हातमोजे नव्हतेच." ते म्हणाले, "बाई, मला माहीत आहे. पण कंपनीची चूक ठरली तर वर्षानुवर्षं खटला चालेल. त्याची चूक ठरली तर त्याच्या जागी तुम्हाला पुढच्या महिन्यात कामावर घेता येईल. मी घेतो." मला फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी सगळं धडधडीत सांगितलं. पोर दाराशी उभी राहून फ्रॉकचा बंद चावत होती. मी माझं नाव काढलं, एकेक अक्षर. संध्याकाळी स्टोअरकीपर आला. कागदात गुंडाळलेली जोडी. म्हणाला, "खुंटीला टांगून ठेवा. चौकशीवाले येतील, बघतील." ते आले, बघितलं, लिहिलं, गेले. हातमोजे परत न्यायला कोणी आलं नाही. नव्या रबराचा वास घरात महिनाभर होता, भातालाही तोच वास यायचा. एकदा मी बाहेरून आले तर पोर स्टुलावर चढून एका मोज्यात हात घालून उभी होती, कोपरापर्यंत. मला बघून घाबरून हात काढला तर हात पांढराफटक, आत नव्या मालाला लावतात ती पावडर होती. मी तिला मारलं. का मारते ते सांगितलं नाही. तिला वाटलं असेल बापाच्या वस्तूला हात लावला म्हणून.

तेव्हाच तिला सांगायला हवं होतं, असं आता म्हणायला काय जातं? आठ वर्षांच्या पोरीला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी शाळाभर झालं असतं. तिचा बाप तिला मीटर म्हणायचा, कारण हिचं तोंड विजेच्या मीटरमधल्या चकतीसारखं सारखं फिरत असायचं. मग म्हटलं दहावी झाल्यावर सांगू. मग म्हटलं नोकरी लागू दे. ती त्याच कंपनीत लागली, तेव्हा तर माझी बोलतीच बंद. पुढे ती नीतीबाई झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात असा पिढीजात होता, आणि दिवा तर आमच्याच घरचा.

त्या दिवशी सभागृहातून मी जिन्याने खाली आले ते कठडा धरून. खाली बाकावर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर रिकामा डबा. समोर इस्त्रीच्या शर्टातला एक साहेब वाकून तिला कागद दाखवत होता. "इथे सही केलीत की पुढचं सगळं मी बघतो." मी जागच्या जागी थांबले. शिपाई ओळखीचा, त्याला खुणेनेच विचारलं. तो हळूच म्हणाला, "लाइनमनची बायको. भाजलाय, इस्पितळात आहे. उजव्या हाताची तीन बोटं गेली. आता मोजे घातले नव्हते असं चाललंय." साहेबाला फोन आला, तो चार पावलं लांब गेला. मी बाकावर बसले आणि त्या बाईकडे न बघता म्हटलं, "चष्मा घरी राहिला म्हणून सांग. उद्या येते म्हण." ती म्हणाली, "मला चष्मा नाही, आजी." मी म्हटलं, "त्याला काय माहीत?" ती चलाख निघाली. साहेब परत आल्यावर तिने डोळे असे बारीक केले की मलाही खरं वाटलं.

मग मी घरी येऊन चिठ्ठी लिहिली. पोरीसमोर उभं राहून सांगायला तोंड नव्हतं, ही खरी गोष्ट. एकतीस वर्षांपूर्वीचं पाप आणि त्याच दिवशीची व्यासपीठावरची गोष्ट, दोन्ही एका घासात तिला कशी भरवू? पेटी बरी वाटली. तिथे सगळे सारखे, कोणी कोणाची आई नाही. जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं, तीन कागद फाडले. लिहिलं की सह्या आधी घेतात, माल मागून येतो, स्टोअरची रजिस्टरं आणि माल उतरवल्याच्या पावत्या शेजारी ठेवून बघा. लिहिलं की मेलेल्या एका लाइनमनच्या घरी मागाहून नवे मोजे आणून टांगले होते, आत पावडर होती, बायकोने खोटी सही केली, ती बायको अजून आहे. लिहिलं की आता भाजलेल्या लाइनमनच्या बायकोकडूनही तशीच सही मागत आहेत. नाव नाही लिहिलं. फार हुशारी केली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पेटीत टाकली आणि येताना रिक्षाही केली.

आणि मोठी चूक काय केली, ती त्या यादीच्या कागदावर कळली. मला लिहायला कोणी शिकवलं? कामावर लागल्यावर साहेबाने सांगितलं, फायलींवरची नावं तरी वाचता आली पाहिजेत. मग संध्याकाळी पोर आपला अभ्यास करायची आणि मी तिच्या वहीत बघून गिरवायचे. ती मास्तरीण होऊन पट्टी घेऊन बसायची. "आई, आकडा बाहेर जातोय. परत काढ." तिचं अक्षर पुढे बदललं, मोठ्या माणसाचं झालं, सहीला शेपटी आली. माझं तिथेच राहिलं. माझं अक्षर म्हणजे तिचंच शाळेतलं अक्षर. जगात ते ओळखणारं एकच माणूस आणि पेटीची किल्ली त्याच माणसाकडे. इतका शहाणपणा करून मी चिठ्ठीवर नाव सोडून सगळं लिहिलं होतं.

तेव्हापासून मी तिचा चेहरा वाचते आहे आणि मला काही लागत नाही. एकदा वाटतं रागावली आहे. रागावू दे, हक्क आहे. एकदा वाटतं लाज वाटते, आईची. ते मनात आलं की मी भांडी घासायला घेते, घासलेली परत घासते. आणि एकदा वाटतं, हिने नियमाप्रमाणे कागद चौथ्या मजल्यावर दिला असणार आणि मोकळी झाली असणार. तसं असेल तर त्या बाईचा चष्मा किती दिवस पुरणार? कधीतरी सही करेल. मी केली. मुलं दाराशी उभी असली की हात आपोआप लिहितो.

आज ती साडेपाचलाच आली. चपला काढल्या, पर्स खांद्यावर तशीच, थेट स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. मी भाजी परतत होते.

"आई, बस."

"मी उभी बरी आहे. तू बोल."

"पेटीत एक चिठ्ठी आली होती."

"मला काय सांगतेस? मी अडाणी बाई."

"आई." तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "अक्षर माझं होतं."

मी गॅस बारीक केला. ती सांगत गेली, बिल वाचून दाखवावं तशा आवाजात. पहिल्या दिवशीच ओळखलं. नियमाने त्याच दिवशी फाइल सोडायला हवी होती. नाही सोडली. "वर दिली असती तर दुसऱ्या दिवशी रजिस्टरांना वाळवी लागली असती. मी आधी रजिस्टरं कपाटात घातली आणि किल्ली खिशात ठेवली. सह्या चार तारखेच्या आहेत. मोज्यांची गाडी आली एकोणीसला. तो भाजला अकराला."

"मग?"

"मग आज सगळं बाहेरच्या चौकशी अधिकाऱ्यांकडे दिलं. सोबत लिहून दिलं, चिठ्ठी माझ्या आईची आहे, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी नियम मोडला."

"आणि खुर्ची?"

"चौकशी होईपर्यंत नाही. नंतरचं नंतर." तिने पर्स मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. "त्या बाईने सही केलेली नाही. आता कोणी मागणारही नाही. उद्या अकराला तुला बोलावलं आहे. नाही म्हणू शकतेस. तुझ्या सहीबद्दलही विचारतील."

"विचारू देत. तू का नाही विचारलंस? नऊ दिवस?"

"विचारलं असतं तर म्हणाले असते, मुलीने आईला पढवून उभी केली. चिठ्ठीतलं एक अक्षर खरं धरलं नसतं."

भाजी खाली लागत होती, मी ढवळली. ती उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, ओट्याला टेकून. आपला उजवा हात तिने उलटा करून बघितला.

"पावडर होती," ती म्हणाली. "माझा हात पांढरा झाला होता, तू मला मारलं होतंस. मोजे कसे तपासायचे ते मीच शिकवते गं, आई, अकरा वर्षं. वापरलेल्या मोज्यात पावडर राहत नाही, हे वाक्य माझ्या पुस्तिकेत आहे. तेच लोकांना सांगते, आणि त्याच तासाला बाबांना विसरभोळं ठरवते." तिने तोच हात डोळ्यांवरून फिरवला.

मी गॅस बंद केला. हात पुसले. मला रडायला वेळ नसतो, आणि तिला रडू दिलं तर ती उद्या डोळे सुजवून बसली असती. मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"हे बघ, मीटर," मी म्हटलं, "तुझ्या बाबांना विसरभोळं केलं ते मी, माझ्या सहीने. तू नाहीस. तू आईच्या भिंतीवर जे टांगलेलं दिसलं ते खरं धरलंस, आणि आठ वर्षांच्या पोरीने तेच करायचं असतं. तो गुन्हा तुझ्या कागदात घालू नकोस, तो माझा आहे, उद्या अकराला येऊन मी आपल्या तोंडाने सांगते. नियम मोडलास, बरं केलंस. मोडला म्हणून लिहून दिलंस, ते त्याहून बरं केलंस. तुझ्या ऑफिसचं काय ते त्यांचं ते बघून घेतील. पण इथे, या घरात, तू चुकलीस. काल मी तुला बिनमिठाची भाजी वाढली. जिभेला कळलं होतं की नाही? कळलं होतं. तरी ताट पुसून खाल्लीस आणि उठलीस. मी एकतीस वर्षं तेच केलं. बाकी कशातही माझ्यावर गेलीस तर चालेल, यात जाऊ नकोस."